सासू-सुनेच्या आधी: मालिकांचा मसाला आला कुठून?

दाराआडून कुणीतरी चोरून ऐकतं, ढगांचा गडगडाट होतो, तोच चेहरा तीन बाजूंनी तीनदा दिसतो आणि भाग संपतो. मराठी मालिकांची यावरून भरपूर टिंगल होते. पण या मसाल्यातलं बरंच काही टीव्हीच्याही आधीचं, अमेरिकन रेडिओवरचं आहे.

१९३० साली शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावर अर्ना फिलिप्स या लेखिकेची 'पेंटेड ड्रीम्स' सुरू झाली. ऐकणारी बाई दुपारच्या कामात, म्हणजे लक्ष अर्धंच. म्हणून गोष्ट संथ. कालचा भाग हुकला असेल, म्हणून पात्रं कालचंच पुन्हा बोलणार. उद्या तिने रेडिओ लावावा, म्हणून शेवट अधांतरी. पैसा बहुतेक साबण कंपन्यांचा. फिलिप्सबाईंचीच 'गायडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर आली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि थेट २००९ मध्ये थांबली. 'चार दिवस सासूचे' लांबली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं!

आपल्याकडे हा प्रकार मेक्सिकोमार्गे आला. तिथे मिगेल साबिदो यांनी मालिकांतून साक्षरता, कुटुंबनियोजन लोकांच्या गळी उतरवायची रीत बसवली होती: एक पात्र सरळमार्गी, एक वाया गेलेलं आणि दोघांच्या मधे हेलकावणारं तिसरं. प्रेक्षकाचा जीव अडकायचा तो या तिसऱ्यात. १९८२ साली तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे मेक्सिकोला गेले आणि ही कल्पना घेऊन परतले. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांची 'हम लोग' सुरू झाली. पहिल्या १३ भागांत उपदेशाचा डोस इतका होता की लोक वैतागले. मग कुटुंबनियोजन मागे पडलं, बडकी-मझली-छुटकीचं काय होणार हे पुढे आलं आणि मालिका घराघरांत पोचली. प्रायोजक मॅगी नूडल्स, म्हणजे पुन्हा स्वयंपाकघरच.

१९९९ मध्ये 'अल्फा मराठी' (आजची 'झी मराठी') ही वाहिनी सुरू झाली आणि पुढे रोज रात्री साधारण २२ मिनिटं भरायची वेळ आली. हाताशी भागांची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग, तुटपुंजी. अशा वेळी क्लोजअप कामी येतो, त्याला संवाद लिहावे लागत नाहीत. लग्न आठवडाभर चालतं, कारण सेट, दागिने आणि सगळे कलाकार एकदा जमलेले असतात. कलाकार सोडून गेला तर पात्राला अपघात. गुरुवारी टीआरपी पडलेला दिसला, तर नवा ट्रॅक, म्हणजे नवं उपकथानक, नाहीतर सरळ लीप, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे. वटपौर्णिमा मात्र पंचांगाबरहुकूम, त्याच आठवड्यात.