नायिकेची बहुरूपता

नायिकेची बहुरूपता : कथा-कादंबरी, नाटक किंवा महाकाव्य यांतील नायिका समोरचा माणूस बदलेल तशी वेगळी वागते, तरी ती एकच व्यक्ती असल्याची वाचकाची खात्री ढळत नाही, असे व्यक्तिचित्रण. हे वेषांतर नव्हे. वेषांतरात ओळख झाकलेली असते. इथे प्रत्येक रूप खरे असते. म्हणून अशा नायिकेला दुटप्पी ठरवणे अन्यायाचे आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील अष्टनायिका, म्हणजे नायिकेचे आठ प्रकार (सजून प्रियकराची वाट पाहणारी वासकसज्जा, त्याच्या प्रतारणेने दुखावलेली खंडिता, त्याला भेटायला निघालेली अभिसारिका इत्यादी), याच विषयाच्या जवळच्या, पण त्यांच्या अवस्था केवळ प्रियकराशी असलेल्या नात्यावरून ठरतात. इतरांपुढे ती कशी असते, हे त्या वर्गीकरणातून कळत नाही.

त्यासाठी महाभारतातील द्रौपदी पाहावी. द्यूतसभेत न्यायला आलेल्या प्रातिकामी या दूताला ती थेट धर्माचा पेच घालून परत पाठवते : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? वनवासात युधिष्ठिराशी ती क्षमा आणि क्रोध यांवर तोडीस तोड वाद घालते. कृष्णापुढे मात्र तिचा बांध फुटतो. मला पती नाहीत, पुत्र नाहीत, तूही नाहीस, असे ती त्याला सुनावते. सत्यभामेशी बोलताना ती अहंकार सोडून पतींची सेवा करणारी गृहिणी आहे, आणि त्याच बोलण्यात पांडवांच्या आय-व्ययाचा हिशेब आपल्या एकटीलाच ठाऊक होता हेही सांगून जाते. विराटाच्या घरी कीचकाचा जाच असह्य झाल्यावर ती रात्री पाकशाळेत भीमाला उठवते, आणि युधिष्ठिराच्या द्यूतावरचा राग त्याच्यापाशी मोकळा करते. कोणापाशी काय बोलायचे, ही तिची निवडच तिचा स्वभाव सांगते. यांतले एकही रूप वगळले तर द्रौपदी उणी होते.

माणसाला ओळखणाऱ्या जितक्या व्यक्ती, तितकी त्याची सामाजिक रूपे, असे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने 1890 मध्ये मांडले. लेखक ही रूपे संबोधन, वाक्यांची लांबी आणि मौन यांतून घडवतो. कथानकाच्या सोयीसाठी स्वभाव बदलला, तर वाचकाला ते लगेच खटकते. नायिकेची निरनिराळी रूपे ओळखणारी माणसे एकाच जागी आली की प्रसंगाला खरी धार चढते, कारण तिथे कोणते रूप पुढे करायचे हे तिला ठरवावेच लागते.

नायिका स्वतःच निवेदक असेल, तर वाचकही तिच्यासमोरच्या माणसांपैकी एक होतो; त्याच्यासाठीही तिने एक रूप निवडलेले असते.