अंजनी की अंजन? एका नावाचा घोळ

बेळगावात कुंपणासाठी देशी झुडूप मागायला गेलेल्याच्या हातात हल्ली दोन वेगळीच रोपे एकाच नावाने पडतात. घाटातली अंजनी आणि कोरड्या मुलखातला अंजन. नावातल्या वेलांटीपलीकडे या दोघांत काहीही सामाईक नाही.

अंजन हा खानदेशातला, तसाच बल्लारीकडच्या उष्ण माळांवरचा उंच वृक्ष. त्याची पाने जोडीजोडीने, आपट्याचे पान मधोमध चिरल्यासारखी. उन्हाळ्यापूर्वी पानगळ होते आणि फळ म्हणून चपटी शेंग येते. अंजनी मात्र सदाहरित. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात, देवराईत आणि जांभ्याच्या कातळाकडेला ती झुडूप किंवा लहान झाड होऊन राहते. काजळालाही अंजनच म्हणतात, त्यामुळे गडद निळी फुले आणि पिकून काळे पडणारे फळ पाहून हे नाव अंजनीलाच अधिक शोभते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पण कागदावर वृक्षाचे नाव आधी रुळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी सूची झाली तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होते. १९५६ साली जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पाट्या कानडीत आल्या. गावात नाव मराठी, पाटीवर कानडी, रोपवाटिकेत ऐकीव असा तिहेरी कारभार तेव्हापासून चालू आहे.

अंजनीचे शास्त्रीय नावही सरळ नाही. १७५३ साली या वंशाला मिळालेले नाव मुळात भूमध्य सागराकडच्या एका निराळ्याच झाडाच्या फळाचे ग्रीक नाव होते. आपल्या जातीचे आजचे नाव १७६८ सालचे. त्याच्या जोडीला ‘खाण्याजोगी’ अशा अर्थाचे दुसरे नावही जुन्या पुस्तकांत वावरते. फळ खाता येते हे खरे, पण तुरट. पोरे खातात, मोठी माणसे सहसा नाही.

पूर्वी दक्षिणेत अंजनीचा मान फळासाठी नव्हता, पानासाठी होता. पानांत ॲल्युमिनियम साठते, म्हणून लाल रंग कापडावर पक्का बसवायला रंगारी तुरटीच्या जागी ती वापरत. रासायनिक रंग आले आणि हा धंदा विस्मरणात गेला.

आता तिची आठवण निघते ती बागेसाठी. २०११ साली याच घाटपट्ट्यात भीमगड अभयारण्य झाल्यावर आतून रोपे उपटणे बंद झाले, आणि ते योग्यच झाले. पण त्याच वेळी शहरात पिवळ्या मण्यांचा परदेशी दुरांटा कुंपणाकुंपणाला लागला. त्याची फळे विषारी, तरी लहान मुलांच्या हाताशी.

रोप विकत घेताना पान पाहावे. अंजनीची पाने समोरासमोर, जाड, चकचकीत असतात. मधली शीर ठसठशीत, बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. फुले जुन्या, पाने झडलेल्या फांदीला चिकटून येतात. फळ वाटाण्याएवढे, डोक्यावर छोटी कडी. ते हिरव्यातून पिवळे, मग गुलाबी-लाल आणि शेवटी काळे होते. एकाच फांदीवर हे सगळे रंग सापडतात. बी वाळवून डब्यात ठेवले की वाया जाते. गर धुऊन लगेच सावलीत पेरावे आणि धीर धरावा, कारण वाढ फार हळू. छाटणी मात्र छान सोसते.