बेब्लेडप्रेमी (नागपूर)

बेब्लेड या जपानी लढाऊ भोवऱ्यावर लहानपणी जीव जडलेला आणि मोठेपणीही तो लोभ न सुटलेला वर्ग. नागपुरात हा वर्ग मुख्यतः १९९० च्या दशकात जन्मलेल्यांचा आहे. २००० च्या दशकाच्या मध्यावर, शाळेत असताना, त्यांच्या हाती हे खेळणे आले. आज त्यांतले बरेच जण नोकरीधंद्याला लागले आहेत आणि काहींची मुले आता तोच हट्ट धरू लागली आहेत. या चाहत्यांची वर्गवारी सहसा दोन प्रश्नांवरून होते : तुमच्याकडे ओरिजिनल होते की डुप्लिकेट, आणि तुम्ही कुठल्या पिढीचे. या नोंदीत ती वर्गवारी मान्य केलेली नाही. नागपुरात तरी चाहता ओळखावा तो त्याने खेळण्याचे काय केले यावरून. कोणी फिरवले, कोणी खोलले, कोणी जपले, तर कोणी फक्त पडद्यावर पाहिले.

खेळण्याची घडण

ताकारा या जपानी कंपनीने १९९९ साली बेब्लेड बाजारात आणले. जपानमध्ये त्याआधीपासून बेगोमा नावाचा बिडाचा लहानसा भोवरा खेळला जाई. पिंपावर किंवा बादलीवर जाड कापड बांधायचे, मध्ये थोडा खोलगटपणा ठेवायचा आणि दोरी गुंडाळलेले बेगोमे त्यावर सोडायचे. जो बाहेर उडाला किंवा आधी थांबला तो हरला. बेब्लेडने हा नियम तसाच ठेवला. दोरीऐवजी दातेरी पट्टी आणि ती ओढून भोवरा सोडणारी मूठ म्हणजे लाँचर आला, कापडाऐवजी प्लॅस्टिकचे स्टेडियम आले. खरा बदल मात्र भोवऱ्यातच झाला : तो एकसंध न राहता सुट्या भागांचा बनला. सर्वांत वर चित्राची चकती म्हणजे बिट चिप, तिच्याखाली टक्कर घेणारी अटॅक रिंग, मग धातूची वजनाची चकती आणि तळाशी टोक असलेला बेस. एकाची रिंग दुसऱ्याच्या बेसवर बसते, आणि या एका सोयीमुळे हे खेळणे पोरांच्या डोक्यातून उतरेना.

ताकाओ आओकी यांची चित्रकथा १९९९ मध्येच सुरू झाली आणि जानेवारी २००१ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर मालिका आली. जपानबाहेरच्या बहुतेक बाजारांत खेळणी हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीच्या नावाने विकली गेली. २००६ साली ताकारा आणि टोमी या कंपन्या एक झाल्या. २००८ मध्ये धातूच्या चाकांची मेटल मालिका, २०१५ मध्ये टक्कर बसली की सुटे होऊन विखुरणारी बर्स्ट आणि २०२३ मध्ये एक्स अशा पुढच्या पिढ्या आल्या. पहिल्या पिढीला चाहते नुसते ‘प्लॅस्टिकवाले’ म्हणतात.

घमेलेवाले

नागपुरातला मूळ चाहता हा. त्याच्याकडे स्टेडियम नव्हते, कारण ब्लेड (बेब्लेडचे बोलण्यातले छोटे नाव) घेऊन देतानाच घरच्यांनी हात आखडता घेतलेला असे. मग अंघोळीचा टब, परात किंवा घराच्या बांधकामातून उरलेले लोखंडी घमेले हेच मैदान. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो आणि दुपारी बाहेर पडायची सोय नसते. गल्लीतली पोरे ज्याच्या घरी कूलर चांगला त्याच्या बैठकीत जमत. फरशीवर घमेले ठेवून ‘थ्री, टू, वन’ झाले की पट्ट्या ओढल्या जात. लोखंडावर ब्लेडचा घरघराट इतका होई की आतून झोपमोड झालेल्या आजोबांचा आवाज ठरलेलाच. मग घमेल्याखाली जुने पोते यायचे. त्याने आवाज दबतो आणि घमेले डगमगतही नाही.

या भांड्यांनी खेळाडू घडवले, हे इथे ठासून सांगितले पाहिजे. घमेल्याचा तळ गोल आणि खोलगट असतो. दोन्ही ब्लेड उतारावरून मध्याकडे येतात, सतत एकमेकांना लागतात आणि शेवटी जास्त वेळ फिरणारे जिंकते. खऱ्या स्टेडियमची रचना याच तत्त्वावर असल्यामुळे घमेल्यात शिकलेल्या पोराला पुढे स्टेडियम परके वाटले नाही. परातीचा तळ सपाट आणि काठ बुटका. तिथे सपाट टोकाचे, भिरभिरत मोठे वर्तुळ काढणारे ब्लेड पहिल्या दोन-तीन टकरांतच दुसऱ्याला बाहेर फेकते. म्हणून परातीत खेळलेल्यांचा जीव अजूनही अटॅक प्रकारावर आणि घमेल्यात खेळलेल्यांचा टिकून राहणाऱ्या एन्ड्युरन्स प्रकारावर. टबाचा काठ उंच, त्यातून बाहेर काही जातच नाही, त्यामुळे टबातली भांडणे नेहमी एकाच मुद्द्यावर : आधी रुकला कोण. “तुझा आधी पडला ना बे!” या वाक्यावर कित्येक मैत्र्या संध्याकाळपर्यंत तुटल्या आणि दुसऱ्या दिवशी जुळल्या.

या मंडळींची ब्लेडे बहुतेक डुप्लिकेट. भारतात हॅस्ब्रोची खेळणी फनस्कूल या कंपनीमार्फत येत आणि मोठ्या दुकानांत दिसत, पण त्यांची किंमत मध्यमवर्गीय घरात वाढदिवसालाच परवडणारी. रोजचा खेळ चाले तो बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) फूटपाथवर, इतवारी-गांधीबागेकडच्या दुकानांत आणि शाळेजवळच्या जनरल स्टोअरमध्ये मिळणाऱ्या नकलांवर. या नकलांचे प्लॅस्टिक हलके, वजनाची चकती पातळ, स्टिकर एका ब्लेडचा आणि रिंग दुसऱ्याची. लाँचरच्या आतले दाते लवकर झिजत, मग पट्टी ओढली तरी नुसते खर्रकन वाजे आणि ब्लेड जागचे हलत नसे. अनेक लाँचर एकाच दिशेने फिरवत. त्यामुळे मालिकेच्या नायकाच्या ज्या ड्रॅगून ब्लेडाची ओळखच डाव्या फेरीची, तो ड्रॅगून नागपुरातल्या पुष्कळ पोरांनी आयुष्यभर उजवाच फिरवला.

हा फरक लहान नव्हे. दोन ब्लेडे एकाच दिशेने फिरत असतील तर टकरीच्या जागी त्यांच्या कडा परस्परांच्या विरुद्ध धावत येतात आणि जोराचा दणका बसतो. एक डावे आणि एक उजवे असेल तर कडा एकाच दिशेने सरकतात, दोन्ही ब्लेडे एकमेकांत बसलेल्या दातेरी चाकांसारखी वागतात आणि वेगवान ब्लेडाची गती मंद ब्लेडाकडे जाऊ लागते. डाव्या ब्लेडाचा सगळा डावपेच यावर उभा आहे. डुप्लिकेटवर वाढलेल्यांना तो मोठेपणी कळला, आणि कळल्यावर त्यांनी सर्वांत आधी डावा लाँचर मागवला.

तरीही डुप्लिकेटवाल्यांना दुय्यम चाहता ठरवणे अन्यायाचे आहे. खेळाचे मर्म त्यांनीच जास्त ओळखले, कारण वाईट ब्लेड चांगले फिरवण्यासाठी त्यांना हात आणि डोके दोन्ही चालवावे लागले. पट्टी किती सरळ ओढायची, लाँचर किती अंश कलता धरायचा, सोडताना मनगट कुठे थांबवायचे, हे कुठल्या डब्यावर छापलेले नव्हते.

खोलणारे

काही पोरांना लढतीपेक्षा जुळणीत रस. यांच्या कंपासपेटीत करकटकाशेजारी तीन-चार सुटी टोके असायची. वजनाच्या चकतीखाली नाणे चिकटवणे, फटीत मेणबत्तीचे मेण भरणे, टोक कानशीने घासणे, सायकल दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेला बेअरिंगचा छर्रा टोकाच्या जागी बसवणे, जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून रबरी टोक करणे, हे सगळे प्रयोग होत. त्यातून पुस्तकाआधी पदार्थविज्ञान कळे. वजन कडेला गेले तर ब्लेड जास्त वेळ फिरते. टोक अणकुचीदार केले तर घर्षण कमी होते, पण धक्क्याने ते पटकन ढळते. रबर जमीन धरते आणि आक्रमक धावते, पण लवकर दमते. मेण एका बाजूला जास्त झाले की ब्लेड पहिल्या फेरीपासून थरथरते.

ज्यांच्या घरी लाकडी भोवरा होता त्यांना यात नवल वाटले नाही. वडील किंवा काका भोवऱ्याची आर बदलताना, ती दगडावर घासून नेमकी मध्यावर आणताना त्यांनी पाहिलेले होते. ब्लेडावर केलेली बहुतेक कारागिरी तिथूनच आली. जगभरच्या संघटित स्पर्धांत घासलेला किंवा वजन चिकटवलेला भाग चालत नाही, आणि स्पर्धेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण घरगुती खेळात या कारागिरीला मान होता. ज्याचे ब्लेड सर्वांत जास्त फिरे त्याच्याकडे बाकीचे आपापली ब्लेडे दुरुस्तीला आणत. आजही या गटातले लोक बर्स्ट आणि एक्सच्या भागांचे मेळ काढण्यात रात्री घालवतात. एक्समध्ये ब्लेड (इथे फक्त वरची धातूची चकती), रॅचेट (मधला जोडणारा भाग) आणि बिट (तळाचे टोक) असे तीन मुख्य भाग असतात, आणि प्रत्येकाची निवड बाकी दोघांना पेलणारी असावी लागते.

जपणारे

संग्राहकांचे दोन प्रकार पडतात आणि त्यांचे आपसांत फारसे पटत नाही. पहिला डबा न उघडणारा. तो ताकारा टोमीचे जपानी डबे मागवतो, हॅस्ब्रोच्या आणि जपानी आवृत्तीतले धातू, रंग आणि स्टिकर यांचे फरक तोंडपाठ सांगतो आणि नक्कल ओळखायला छोटा वजनकाटा बाळगतो. दुसरा फक्त स्वतःचे, लहानपणीचे ब्लेड जपतो, मग ते कडा उडालेले डुप्लिकेट का असेना. दुसऱ्याकडे प्रस्तुत लेखकाचा ओढा आहे. ज्या रिंगेवर शेजारच्या पोराच्या ब्लेडाचे ओरखडे आहेत, तिची जागा नवा डबा घेऊ शकत नाही.

नागपूरच्या हवेत हे जपणे सोपे नाही. गच्चीवरच्या खोलीत किंवा पत्र्याखाली ठेवलेले पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते, रबरी टोके कडक होऊन तडकतात आणि पावसाळ्यात स्टिकरचा गोंद सुटतो. अनुभवी लोक ब्लेडे उजेडापासून दूर, घराच्या आतल्या बाजूच्या कपाटात, भाग सुटे करून ठेवतात. घट्ट बसवून ठेवलेल्या भागांच्या पकडी काही वर्षांनी तुटतात.

टीव्हीवाले

यांनी मालिका कार्टून नेटवर्कवर हिंदीत पाहिली. मालिकेतल्या टायसन, काई, मॅक्स आणि रे या खेळाडूंच्या ड्रॅगून, ड्रँझर, ड्रेसियल आणि ड्रायगर या चार पवित्र प्राण्यांची मुळे पूर्व आशियातल्या चार दिशांच्या रक्षकांत आहेत, हे सांगणारे हेच : ड्रॅगन, लाल पक्षी, कासव आणि पांढरा वाघ. यांतल्या अनेकांच्या हातात ब्लेड कधी आलेच नाही, तरी त्यांची निष्ठा पातळ नाही. काईच्या बाजूचे आणि टायसनच्या बाजूचे हा वाद अजून मिटलेला नाही.

याच गटात मोडल्या गेलेल्या, पण खरे तर घमेलेवाल्या असलेल्या मुलीही होत्या. भावाच्या ब्लेडाने खेळणाऱ्या, पट्टी शोधून देणाऱ्या, निकाल देणाऱ्या आणि पुष्कळदा जिंकणाऱ्या. दुकानदार आणि नातेवाईक हे मुलांचेच खेळणे समजत, म्हणून त्यांच्या नावाचे ब्लेड घरात क्वचित आले. त्यांची गणना चाहत्यांत आधी व्हायला हवी होती.

परतलेले

पगार सुरू झाल्यावर लहानपणी न मिळालेले ब्लेड स्वतःच्या पैशाने घेणारे हे लोक. त्यांच्याकडे पाहताना नागपूरची एक रीत लक्षात घ्यावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघर जातात आणि मोठी माणसे त्यांना बोजारा म्हणजे खुशीचे पैसे देतात. पुष्कळ घरांत तो बैल वडिलांनी किंवा आजोबांनी ओढलेला असतो आणि वर्षभर माळ्यावर जपून ठेवलेला असतो. खेळणे पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे असते, ही जाण अशा घरांतल्या पोरांना उपजतच मिळते. बोजाऱ्याच्या पैशांतून पहिले ब्लेड घेतलेली मुले आता बाप झाली आहेत आणि तान्ह्या पोळ्याला त्यांच्या मुलाच्या एका हातात बैलाची दोरी, तर खिशात लाँचर असतो.

बाप आणि मूल एकत्र खेळायला बसले की पिढ्यांचा वाद घरातच सुरू होतो. प्लॅस्टिकवाल्या बापाला बर्स्टचे विखुरणे सुरुवातीला थिल्लर वाटते. मग त्याच्या लक्षात येते की टक्कर किती खोल बसली ते आता डोळ्यांना दिसते, आणि ‘आधी रुकला कोण’ हे भांडण निम्म्याने कमी होते. एक्समध्ये स्टेडियमच्या कडेला दातेरी पट्टी असते, ब्लेडाच्या तळाचे दाते तिच्यात अडकले की ते एकदम झेप घेते. परातीतल्या अटॅकवाल्यांना लहानपणी हवे होते ते हेच. गुणही वेगवेगळे मिळतात : प्रतिस्पर्धी आधी थांबला तर १, बाहेर गेला किंवा विखुरला तर २ आणि झेपेच्या दणक्याने ठरलेल्या खाचेत फेकला गेला तर ३. चार गुण आधी मिळवणारा जिंकतो.

जुने प्लॅस्टिकचे ब्लेड एक्ससमोर लावू नये. एक्सचे ब्लेड जड आणि धातूचे असते, आणि पहिल्या झेपेतच जुन्या रिंगेचा तुकडा उडतो. दोन पिढ्या एका घरात असतील तर जुन्यांची लढत जुन्यांशी, घमेल्यात लावावी. पोरांना ते घमेले स्टेडियमइतकेच आवडते, फक्त खाली पोते घालायला विसरू नये.