शॉवर टपकतोय? आधी नॉब किती फिरतो ते बघा

आमच्या बाथरूममध्ये शॉवरचे दोन कॉक भिंतीत गाडलेले आहेत, गरम आणि गार, वीसेक वर्षं जुने. गेल्या महिन्यात शॉवर टपकायला लागला तर प्लंबरने जेमतेम बघितलं आणि म्हणाला टाइल्स फोडाव्या लागतील. शेवटी काम झालं एका रबरी वायसरवर, आणि टाइल एकही फुटली नाही.

आधी एक गैरसमज. आंघोळीनंतर पाच-दहा मिनिटं शॉवर टपकला तर तो बिघाड नाही, वरच्या पाइपात राहिलेलं पाणी सावकाश उतरत असतं. रात्रभर टपकला तर मात्र कॉक गेला. कुठला गेला ते कळायला गिझरच्या इनलेटचा कॉक बंद करून थोडा वेळ थांबा, टपकणं थांबलं तर दोषी गरम बाजूचा.

आता आत काय आहे ते न खोलता कसं ओळखायचं? नॉब फिरवा. दोन-तीन वेढे फिरून शेवटी मऊ थांबत असेल तर आत स्पिंडल, म्हणजे आट्यांची दांडी, आणि तिच्या टोकाला रबरी वायसर. पाव फेरीत खटकन थांबला तर सिरॅमिकच्या चकत्या, त्यात वायसर शोधत बसू नका, आतला अख्खा तुकडा बदलतात.

वायसरवाला प्रकार १८४५ पासूनचा, इंग्लंडमधल्या रॉदरहॅमचा, आणि मला तो भयंकर आवडतो. गच्चीवरची टाकी शॉवरच्या कॉकपेक्षा १० मीटर उंच धरा, म्हणजे दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. वायसर ज्यावर दाबून बसतो ते आतलं भोक १२ मिलिमीटरचं, क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाणी अडवायला सव्वा किलोसुद्धा जोर लागत नाही! आणि आपण किती लावतो? नॉबचा घेर १५-१६ सेंटिमीटर, तेवढा हात फिरला की स्पिंडल आट्यांवरून जेमतेम २ मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणजे कागदावर जोर ७५-८० पट. घर्षण त्यातला बराचसा खातं, तरी हाताने २ किलो जोर लावला की वायसरवर ३०-४० किलो सहज पडतात. रोज. माझा जुना वायसर काढला तर त्यावर भोकाच्या पितळी कडेचा गोल खड्डा पडलेला, जणू कोणी नाणं दाबून ठेवलं होतं, आणि रबर बिस्किटासारखं कडक.

गरम बाजूच आधी का जाते? एकतर उष्णतेने रबर कडक होतं. दुसरं, बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बोनेट होऊन खाली बसतं, तेच पांढरे खडे वायसरखाली अडकतात. मग फट राहते, आपण आणखी पिळतो, खड्डा आणखी खोल. (पाइपाला लोहचुंबक बांधून पाणी 'सॉफ्ट' करून देणाऱ्यांवर पैसे घालवू नका, कॅल्शियम आहे तिथेच राहतं. आणि नळ टपकला की लक्ष्मी जाते म्हणतात, जातं ते पाणी, सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला ४ लिटरच्या वर.)

काम सोपं आहे पण आधी गच्चीवरचा कॉक बंद करा, नळ उघडून पाइप रिकामा करा, आणि मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू गेलाच. नॉबवरची टोपी उचकटा, स्क्रू काढा, नॉब ओढा, पान्याने स्पिंडल उलटा फिरवा, तो समोरूनच बाहेर येतो. हार्डवेअरच्या दुकानात तोच घेऊन जा, म्हणजे वायसर मापाचा मिळेल; अख्खा स्पिंडलच बदलायचा असेल तर 'अर्ध्या इंचाचा द्या' एवढ्यावर भागत नाही, आटे आणि दांडीवरचे दाते दोन्ही जुळावे लागतात. बसवायच्या आधी आत बोट घालून पितळी कडेवरून फिरवा, खरखरीत खाच लागली तर नुसत्या वायसरने थांबणार नाही, ती कड घासून सपाट करून घ्यावी लागते.

आमचा आता दोन बोटांनी बंद होतो. आई मात्र अजून सवयीने दोन्ही हातांनी पिळते.