मैफल ऐकून आल्यावर काय लिहायचं? चिंतनपर टिपणाची पार्श्वभूमी

नाटक, मैफल किंवा चित्रप्रदर्शन पाहून या आणि दोन पानांचं चिंतनपर टिपण लिहा, अशी असाइनमेंट आता अनेक महाविद्यालयांत असते. सबमिशनला येतो तो मात्र बहुतेक वेळा वृत्तांत असतो. दीपप्रज्वलनाने सुरुवात, मग प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ आणि शेवटी आभारप्रदर्शन. लिहिणारा स्वतः त्यात कुठेच नसतो. यात मुलांचा दोष नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून त्यांच्याकडून हेच लिहून घेतलेलं असतं. दहावीला कवितेचं रसग्रहण येतं, पण तेही आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं अशा ठरलेल्या मुद्द्यांवर.

प्रेक्षकाला काय झालं याची दखल घेणं आपल्याला नवं नाही. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग साधला की नाही हे ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत: प्रेक्षकांचं स्मित, खळखळून हसणं, तोंडून निघालेलं ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ (अरेरे), अंगावरचा रोमांच, जागेवरून उठणं, बक्षीस म्हणून वस्त्रं फेकणं. आनंदाच्या प्रसंगी आनंदणारा आणि शोकाच्या प्रसंगी शोक करणारा, तो खरा प्रेक्षक, असं भरत सांगतो. पण ही नोंद बाहेरून पाहणाऱ्याची आहे. स्वतःला काय झालं ते रसिकानेच लिहावं आणि त्याला गुण मिळावेत, ही अपेक्षा आली ती आधुनिक शिक्षणशास्त्रातून.

या अपेक्षेचं मूळ अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्यापर्यंत जातं. नुसता अनुभव शिकवत नाही. तो तपासून, त्यातून निघालेल्या समजुतीला आधार काय हे विचारून माणूस शिकतो, अशी मांडणी त्यांनी 1910 मध्ये केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा ड्यूई तिथेच शिकवत होते. 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी या गुरूचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. ड्यूईंच्या विचाराचा आपल्याशी असलेला हा धागा शिक्षणशास्त्राच्या वर्गात अधिक सांगितला जायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पुढे 1934 मध्ये ड्यूईंनी कलेकडेही अनुभव म्हणूनच पाहिलं: भिंतीवरचं चित्र म्हणजे अजून कलाकृती नव्हे, पाहणाऱ्याच्या अनुभवात ती पूर्ण होते.

ड्यूईंवरच पीएच.डी. केलेल्या डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ असे व्यावसायिक काम करता करता कसा विचार करतात ते दाखवलं. 1988 मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी अशा चिंतनासाठी सहा पायऱ्यांचं चक्र दिलं: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, तसं का, निष्कर्ष काय आणि पुढच्या वेळी काय करणार. नर्सिंग आणि शिक्षक-प्रशिक्षणाने ते उचलून धरलं. आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि ‘शिक्षणातील नाट्य व कला’, ‘स्वतःला समजून घेणे’ असे विषय त्यात आले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या आराखड्यात सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) मिळाले. 2024-25 पासून तो संलग्न महाविद्यालयांतही लागू झाला.

अडचण आहे ती गिब्ज यांच्या सहाव्या पायरीत. वॉर्डात रुग्णाशी बोलताना चूक झाली, तर ‘पुढच्या वेळी काय करणार’ हा प्रश्न अगदी रास्त. मारवा रागाची आलापी ऐकून आलेल्या मुलीने त्या पायरीवर काय लिहावं? मग ‘यापुढे मी शास्त्रीय संगीत नियमित ऐकेन’ असं काहीतरी ती लिहून टाकते. त्यापेक्षा ‘संथ लयीतलं विलंबित चालू असताना माझं लक्ष नव्हतं, पण तानपुरे परत जुळवायला घेतले तेव्हा सगळे गप्प झाले आणि मी पहिल्यांदा नीट ऐकायला लागले’ हे एक वाक्य कितीतरी मोलाचं. म्हणून कलेच्या कार्यक्रमासाठी ती सहावी पायरी सरळ काढून टाकावी आणि त्या जागी एकच क्षण निवडून त्यावर अर्धं पान लिहायला सांगावं.