पुढची एमएक्स-५ : वावड्यांच्या मागे असलेला हिशेब

माझदा एमएक्स-५ ची सध्याची, म्हणजे चौथी पिढी २०१५ पासून बाजारात आहे. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये नुसतं रोडस्टर. दहा वर्षं उलटून गेल्यावर पुढच्या पिढीच्या वावड्या उठणारच. कोणी म्हणतं २.५ लिटरचं इंजिन येणार, कोणी म्हणतं हायब्रिड, कोणी पूर्ण विजेवर, आणि पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या रोटरी इंजिनाची आस लावून बसलेले भक्त तर कायमचेच. पण या गाडीचा इतिहास चाळला तर बॉनेटखाली काय आहे यावर तिचं भवितव्य फारसं कधी ठरलेलं दिसत नाही. प्रत्येक पिढीत खरा प्रश्न एकच होता : इतक्या कमी खपाच्या गाडीचा खर्च कोणाबरोबर वाटून घ्यायचा? आणि त्याला चिकटूनच दुसरा, वजन किती वाढू द्यायचं?

गोष्ट सुरू होते ब्रिटनमध्ये. १९६० च्या दशकात एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, लोटस एलान अशा हलक्या, दोन माणसांच्या, कापडी छताच्या गाड्यांची चलती होती. त्यातल्या पहिल्या दोन सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातल्या होत्या. मोठी बाजारपेठ अमेरिकेची, आणि १९७० च्या दशकात तिथेच नियम कडक होत गेले. १९७४ मध्ये एमजीबीच्या चकचकीत क्रोमच्या बंपरांची जागा काळ्या रबरी बंपरांनी घेतली. अमेरिकी नियमांत बसण्यासाठी गाडीची उंचीही वाढवावी लागली, आणि वळणावर तिचा तोल पार बिघडला. छत नसलेल्या गाड्यांवर बंदीच येणार अशी हवा झाली. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो तर ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून विकली गेली. ती बंदी आलीच नाही, पण भीतीने आपलं काम केलं होतं. १९८० मध्ये स्पिटफायर आणि एमजीबी, दोन्ही बंद पडल्या. नियमांनी या गाड्या मारल्या असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धसत्य आहे. नव्या नियमांत बसणारी नवी गाडी घडवता आली असती. या दोन्ही गाड्या बनवणाऱ्या ब्रिटिश लेलँडकडे त्यासाठी पैसा नव्हता, आणि त्या खर्चाला हातभार लावेल असं दुसरं मॉडेलही नव्हतं.

ही पोकळी नेमकी हेरली ती बॉब हॉल या अमेरिकन पत्रकाराने. १९७९ मध्ये माझदाचे तेव्हाचे संशोधन प्रमुख केनिची यामामोतो यांनी त्याला विचारलं, आम्ही पुढे काय बनवावं? जपानी बोलणाऱ्या हॉलने तिथल्याच फळ्यावर खडूने इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना अशा साध्या, स्वस्त, उघड्या गाडीचं चित्र काढून दाखवलं. यामामोतो म्हणजे रोटरी इंजिन रस्त्यावर आणणाऱ्या पथकाचे म्होरके, मुळात इंजिनाचा माणूस. पण पुढे ट्रायम्फ स्पिटफायर जपानमधल्या हाकोनेच्या घाटातून चालवून पाहिल्यावर त्यांना हॉलचं म्हणणं पटलं. हॉल १९८१ मध्ये माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यालयात रुजू झाला. १९८४ मध्ये यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले. वरच्या खुर्चीत असा माणूस नसता तर हा प्रकल्प कधीच बासनात गेला असता.

तरीसुद्धा पैसे सुटत नव्हते. १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑफलाइन ५५’ या उपक्रमात कंपनीच्या नियमित कामाबाहेरच्या कल्पनांची चाचपणी होत असे. त्यात या गाडीचे तीन आराखडे एकमेकांसमोर आले : इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्या चाकांना, इंजिन मधोमध, आणि कॅलिफोर्नियाच्या गटाचा इंजिन पुढे व ताकद मागे असा जुन्या वळणाचा. तिसरा जिंकला. चालता नमुना इंग्लंडमधल्या वर्दिंग इथे एका अभियांत्रिकी कंपनीकडून करून घेतला गेला. फायबरग्लासची बॉडी, आत माझदाच्याच इतर गाड्यांचे सुटे भाग. १९८५ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवला, तेव्हा लोक वळून वळून पाहू लागले. १९८६ च्या सुरुवातीला प्रकल्पाला अखेर मंजुरी मिळाली.

प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी पैसा कुठे वाचवला आणि कुठे ओतला हे पाहण्यासारखं आहे. १.६ लिटरचं इंजिन साध्या ३२३ या कौटुंबिक गाडीच्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसत असे, इथे उभं फिरवून बसवलं. वाचलेला पैसा गेला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरखाली दोन भुजांनी धरणारं, सस्पेन्शन दिलं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक लांबलचक चौकट टाकली, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडताच मधे काही पिळवटत नाही, ताकद थेट मागे पोचते. अशी चौकट पुढच्या तिन्ही पिढ्यांत टिकली. या किमतीच्या गाडीत हे करायची काही गरज नव्हती. माझ्या मते एमएक्स-५ टिकली ती या ‘गरज नसलेल्या’ गोष्टींमुळे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती अवतरली. ताकद ११६ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आत, किंमत १३,८०० डॉलर. मागणी इतकी की अमेरिकेतले विक्रेते छापील किमतीवर चढे भाव लावू लागले. पाठोपाठ फियाट बारकेटा, एमजीएफ, बीएमडब्ल्यू झेड३, पोर्शे बॉक्स्टर अशी रांगच लागली. स्वस्त रोडस्टर मेली नव्हती, ती बनवणारे संपले होते एवढंच. लोटसने त्याच सुमारास नवी एलान आणली, पण ताकद पुढच्या चाकांना दिली आणि किंमतही चढी ठेवली. चालवायला ती अफलातून होती म्हणतात. विकली मात्र गेली नाही.

दुसऱ्या पिढीबद्दल (१९९८) फार लिहिण्यासारखं नाही. उघडझाप करणारे हेडलाइट गेले, चेहरा बदलला, सांगाडा बराचसा पहिलाच राहिला. कंपनीची तेव्हा ओढाताण चालली होती. फोर्डने १९९६ मध्ये माझदातला आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेऊन सूत्रं हाती घेतली होती. जुन्याच सांगाड्यावर नवी गाडी हा त्या काळातला शहाणपणाचा मार्ग होता, आणि तो चाललाही. मे २००० मध्ये ५,३१,८९० गाड्यांच्या उत्पादनासह सर्वाधिक खपाची दोन आसनी खुली स्पोर्ट्स कार म्हणून तिचं नाव गिनीजच्या नोंदीत गेलं.

तिसऱ्या पिढीपासून (२००५) खर्च वाटून घेण्याचा मुद्दा उघडपणे दिसू लागतो. या वेळी जोडीदार घरातलाच होता, माझदाचीच रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार आरएक्स-८. सस्पेन्शनची रचना आणि विकासाचं बरंचसं काम दोघींत वाटलं गेलं. पण मोठ्या बहिणीच्या मापाने कपडे शिवले की ते ढगळ होणारच. चाकाला चारऐवजी पाच नट आले, गाडी फुगली, वजन अकराशे किलोच्या आसपास गेलं. प्रकल्पप्रमुख ताकाओ किजिमा यांनी मग ‘ग्रॅम’चं धोरण लावलं. प्रत्येक सुटा भाग ग्रॅममध्ये मोजायचा आणि छाटायचा. आतला मागचं दाखवणारा आरसासुद्धा नव्याने घडवून ८४ ग्रॅम वाचवले. आज हे ऐकून हसू येईल, पण ही छाटाछाट झाली नसती तर ती गाडी किती जड झाली असती याची कल्पना करा. २००६ मध्ये साधारण १२ सेकंदांत घडी होणारं कडक छत आलं, तेही डिकीची जागा न खाता. कट्टर चाहत्यांनी नाकं मुरडली, गिऱ्हाइकांनी मात्र ते उचलून धरलं.

मग दोन्ही आधार गेले. २००८ च्या आर्थिक संकटात फोर्डने आपला हिस्सा विकायला सुरुवात केली आणि २०१५ पर्यंत ती पूर्ण बाहेर पडली. २०१२ मध्ये आरएक्स-८ बंद झाली. चौथ्या पिढीला आता घरात जोडीदार उरला नव्हता, म्हणून तो बाहेर शोधला. २०१२ मध्ये फियाटशी समझोता झाला. मूळ बेत फियाटच्याच अल्फा रोमिओ या ब्रँडची रोडस्टर काढण्याचा होता. पण अल्फा इटलीतच बनली पाहिजे असा हट्ट फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी धरला आणि तिच्या जागी फियाट १२४ स्पायडर आली : इंजिन इटलीचं, जोडणी हिरोशिमाच्या कारखान्यात, एमएक्स-५ च्याच शेजारी.

या पिढीआधीच्या वावड्या आज वाचायला गमतीच्या वाटतात. वजन ८०० किलो, छोटं टर्बो इंजिन, असं बरंच काही छापून येत होतं. प्रत्यक्षात आलं ते टर्बोशिवायचं १.५ आणि २ लिटरचं इंजिन. जपानमधल्या सर्वांत हलक्या गाडीचं वजन ९९० किलो भरलं, लांबी ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या पिढीपेक्षाही कमी. चाकाचे नट पाचाचे पुन्हा चार झाले. ताकद कमी म्हणून चाकं लहान, चाकं लहान म्हणून ब्रेक लहान, असा वजन उतरवण्याचा तो फेरा होता. सुरक्षेची सगळी नवी साधनं पोटात घेऊन आदल्या पिढीपेक्षा सुमारे १०० किलो कमी करणं हा गेल्या दहा वर्षांतल्या मोटार अभियांत्रिकीतला सर्वांत कमी कौतुक झालेला पराक्रम आहे, असं मला वाटतं.

फियाट १२४ स्पायडर २०२० पर्यंत गुंडाळली गेली. तेव्हापासून एमएक्स-५ एकटी आहे, आणि याच काळात नियमांचा फास पुन्हा आवळत आला. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या गाडीला वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा आणि सायबर सुरक्षेचे नियम लागू झाले. टोयोटाची जीआर८६ ही स्पोर्ट्स कार तिथून बाहेर पडली. पोर्शेच्या ‘७१८’ या मॉडेलच्या पेट्रोलवरच्या गाड्यांनाही सायबर नियमांपायी तिथून निघावं लागलं. माझदाने मात्र गाडीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्याने मांडून ती जिवंत ठेवली, आणि उत्सर्जनाच्या हिशेबापायी २ लिटरचं इंजिन युरोपीय संघातून काढून घेतलं. ब्रिटनमध्ये ते राहिलं. १९७४ च्या एमजीबीची आठवण यावी अशीच ही परिस्थिती आहे. फरक इतकाच की या वेळी कंपनीने खर्च केला.

आता पुढचं. २०३० पर्यंत आपल्या सर्व गाड्यांत विजेचा काही ना काही सहभाग असेल असं माझदाने जाहीर केलेलं आहे, आणि त्यात एमएक्स-५ ही आली. पूर्ण विजेवरची गाडी म्हटली की वजनाची अडचण लगेच समोर येते. बेताच्या पल्ल्याची बॅटरीही सुमारे ३०० किलोची भरते, म्हणजे चौथ्या पिढीने जे कमावलं त्याच्या तिप्पट एका झटक्यात गेलं. एमजीची विजेवरची सायबरस्टर दोन मोटारींसह दोन टनांच्या घरात जाते. ती चांगली आहे की वाईट हा वेगळा वाद, पण ती या जातीची नाही, आणि ब्रिटनमधली तिची सुमारे ५५,००० पौंडांपासून सुरू होणारी किंमत पाहता ‘परवडणारी’ हा शब्दही तिला लागत नाही. माझदाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखवलेल्या आयकॉनिक एसपी या देखण्या नमुन्यात दोन रोटरचं इंजिन वीज तयार करतं. ताकद ३७० अश्वशक्ती आणि वजन १,४५० किलो. त्यावर पुढची एमएक्स-५ म्हणून पुष्कळ चर्चा झाली. आकडे मात्र आरएक्स-७ या माझदाच्या जुन्या रोटरी स्पोर्ट्स कारच्या वारशाकडे बोट दाखवतात.

२.५ लिटरच्या बातमीत जास्त तथ्य वाटतं, आणि त्याचं कारण जुनंच आहे. माझदाच्या तंत्रविभागातल्या वरिष्ठांनी २०२५ मध्ये मुलाखतींत स्कायअ‍ॅक्टिव्ह-झेड या नव्या इंजिनाचं नाव पुढच्या एमएक्स-५ च्या संदर्भात घेतलं. ‘स्वस्त आणि हलकी’ गाडीत मोठं इंजिन कशाला, असं कोणालाही वाटेल. पूर्ण जोर लावताना आजची बरीच इंजिनं गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारून आतली उष्णता आटोक्यात ठेवतात. येऊ घातलेल्या उत्सर्जन नियमांत या पळवाटेला जागा उरत नाही. हवा आणि इंधनाचं प्रमाण सतत नेमकं ठेवायचं तर दर लिटरमागे मिळणारी ताकद घटते, आणि ती भरून काढायला इंजिन मोठं करावं लागतं. शिवाय हे इंजिन मुळात माझदाच्या सीएक्स-५ या एसयूव्हीसाठी घडवलं जातंय. १९८९ मध्ये ३२३ च्या घराण्यातलं इंजिन उचललं, तसं आता सर्वाधिक खपाच्या एसयूव्हीचं उचलायचं. इंजिनाचा खर्च आपोआप वाटला गेला.

राहतो तो सांगाडा, आणि तिथे अजून कोणी भिडू दिसत नाही. टोयोटाकडे २०१७ पासून माझदाचा सुमारे ५ टक्के हिस्सा आहे, त्यामुळे जीआर८६ ची आणि एमएक्स-५ ची पुढची पिढी एकत्र घडेल अशी कुजबुज अधूनमधून होते. मला त्यात फारसा दम दिसत नाही. जीआर८६ ही चार आसनांची, सुबारूच्या आडव्या सिलिंडरांच्या इंजिनाभोवती रचलेली, पावणेतेराशे किलोच्या आसपासची गाडी आहे. तिच्याशी सांगाडा जुळवायचा म्हणजे तिसऱ्या पिढीचा पाच नटांचा प्रयोग पुन्हा करायचा. आहे तोच सांगाडा डागडुजी करून पुढे नेणं, म्हणजे दुसऱ्या पिढीचा मार्ग, मला जास्त संभवनीय वाटतो. स्कायअ‍ॅक्टिव्ह-झेड सीएक्स-५ मध्ये येणार आहे २०२७ मध्ये. रोडस्टरमध्ये ते त्याआधी दिसणार नाही.