नाशवंत मालाचे गणित रक्तपेढीत कसे घडले

साठ्याच्या गणिताची सुरुवात सहसा फोर्ड हॅरिस यांच्या १९१३ च्या लेखापासून धरतात. कारखान्यात एका वेळी किती सुटे भाग बनवावेत, हा त्यांचा प्रश्न. दर वेळी यंत्र नव्याने जुळवण्याचा खर्च आणि माल पडून राहण्याचा खर्च, यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो योग्य लॉट. मात्र गोदामातला माल कितीही दिवसांनी तसाच राहील, हे त्यात गृहीत होते. बोल्टाला हे चालते, मेथीच्या जुडीला नाही.

दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न. संध्याकाळी उरलेला अंक रद्दीत जातो, म्हणून सकाळी किती प्रती घ्याव्यात? याचे मूळ एजवर्थ यांनी १८८८ मध्ये बँकेने हाताशी किती रोकड ठेवावी यावर केलेल्या विचारात सापडते. उत्तर अवघड नाही: कमी पडल्यास बुडणारा नफा आणि उरल्यास होणारा तोटा यांच्या प्रमाणावरून प्रतींची संख्या ठरते.

खरी पंचाईत मधल्या मालाची होती, जो एका दिवसात वायाही जात नाही आणि कायम टिकतही नाही. त्यासाठी दोन वाटा निघाल्या.

पहिली १९६३ मध्ये घारे आणि श्रॅडर यांनी दाखवली. विक्रीने साठा घटतोच, शिवाय शिल्लक साठ्याचा ठरावीक हिस्सा आपोआप नाहीसा होत राहतो, जसे उघडे राहिलेले पेट्रोल. कव्हर्ट आणि फिलिप यांनी १९७३ मध्ये हा घटीचा वेग काळानुसार बदलता ठेवला. मिश्रा यांनी १९७५ मध्ये उत्पादन चालू असतानाच माल खराब होऊ लागला तर लॉट किती मोठा घ्यावा, याचे गणित मांडले. शाह आणि जयस्वाल यांचा १९७७ चा निबंध ‘ऑपसर्च’ या भारतीय नियतकालिकातला. आपल्याकडच्या विद्यापीठांत ही वाट फार चालली, कारण समीकरण सुटते: मागणी बदला, उधारी घाला, भाववाढ घाला, की नवा निबंध तयार. त्यातले गोदामापर्यंत किती पोचले, हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही.

दुसरी वाट एक्सपायरीच्या तारखेची, आणि ती रक्तपेढीतून गेली. त्या काळी रक्ताची पिशवी २१ दिवस चाले. पुढे साठवणुकीच्या द्रावणात सुधारणा झाल्यावर ३५ दिवस. विसाव्या दिवशी ती पूर्ण उपयोगी, बाविसाव्या दिवशी फेकून द्यायची. म्हणजे फ्रिजमध्ये किती पिशव्या आहेत एवढे कळून भागत नाही, प्रत्येकीचे वय लागते. व्हॅन झील यांनी १९६४ मध्ये दोनच दिवस टिकणाऱ्या मालाचा प्रश्न सोडवला. दोनाऐवजी कितीही ठरावीक दिवसांची मुदत असलेल्या मालाचे उत्तर नामियास आणि फ्राइज यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडले, पण दिवस वाढतील तशी वयांची जुळवाजुळव इतकी फुगते की त्या वेळच्या संगणकांना ती झेपणारी नव्हती. म्हणून नामियास यांनीच पुढच्या वर्षी सोपे, जवळपासचे नियम शोधले.

जुनी पिशवी आधी द्यावी, हे पिअरस्काला आणि रोच यांनी १९७२ मध्ये बऱ्याच व्यापक परिस्थितीत सिद्ध केले. दुकानात मात्र गिऱ्हाईक मागचे, ताजे दूध ओढून काढते. रक्तपेढीला निदान ही डोकेदुखी नाही.

प्रत्यक्षात सर्वांत ठळक काम प्रास्टाकोस आणि ब्रॉडहाइम यांचे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यांनी रक्ताच्या गाड्यांचे वेळापत्रक ठरवले. छोट्या रुग्णालयात न वापरलेली पिशवी मुदत संपण्याआधी परत घ्यायची आणि जास्त खप असलेल्या रुग्णालयाला द्यायची. १९८० च्या त्यांच्या निबंधानुसार वाया जाणारे रक्त २० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले.

प्लेटलेटची मुदत त्याहून तोकडी, साधारण पाच दिवसांची, आणि शनिवार-रविवारी उत्पादन थांबते. नेदरलँड्समधल्या हाइयेमा, व्हॅन डेर वाल आणि व्हॅन डाइक यांनी २००७ मध्ये हा प्रश्न आधी आकाराने लहान करून सोडवला, मग सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकावर उभ्या केलेल्या नकली व्यवहारावर, तपासला. एकूण साठ्याबरोबर ताज्या साठ्यावरही लक्ष ठेवणारा नियम पुरेसा चांगला निघाला.

यातल्या बहुतेक मॉडेलांत ऑर्डर दिली की माल येतो. रक्त मात्र रक्तदान शिबिरांतून येते. महाराष्ट्रात मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, शिबिरे कमी होतात आणि रक्ताचा तुटवडा पडतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमतात आणि त्या सगळ्यांची मुदतही एकदमच संपते. इथे नियोजन करायचे ते ऑर्डरचे नव्हे, शिबिरांच्या तारखांचे.